वजनकाटा चुकीचं का दाखवतो आणि नवा घ्यायचा तर कोणता घ्यावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ५ किलोचा, १ ग्रॅमवाला डिजिटल काटा घेतलाय, त्यावर ३ ग्रॅम यीस्ट टाकायला गेलं की आकडा बराच वेळ ० वरच बसतो आणि मग एकदम ५ दाखवतो, तेच भांडं उचलून परत ठेवलं की एखाद-दोन ग्रॅमचा फरक येतो, तर काटा खराब निघाला का, बदलायचा तर कोणता घ्यायचा, आणि शिजवलेलं अन्न डाएटसाठी मोजायचं कसं.

मी गेली सतरा वर्षं ब्रेड आणि केक शिकवते, क्लासमध्ये एका वेळी आठ-दहा काटे चालू असतात, त्यामुळे ही तक्रार मी अगदी दर बॅचला ऐकते. तुमचा काटा बहुतेक खराब नाहीये. तो शून्य कशाला म्हणतो हे आपल्याला कोणी सांगत नाही, सगळा घोळ तिथे आहे.

आधी आत काय असतं ते बघा, म्हणजे पुढचं सगळं पटकन कळेल. ताटलीच्या खाली अ‍ॅल्युमिनियमची एक छोटी पट्टी असते, तिला लोड सेल म्हणतात. एका टोकाला ती बुडाला स्क्रूने घट्ट, दुसऱ्या टोकावर ताटली. वजन ठेवलं की पट्टी अगदी किंचित वाकते, डोळ्याला दिसणारच नाही इतकी, आणि तिच्यावर चिकटवलेल्या पातळ धातूच्या नक्षीसारख्या तारा काही ताणल्या जातात काही दाबल्या जातात, त्याने त्यांचा विजेला होणारा विरोध बदलतो. तो बदल मोजून चिप त्याचे ग्रॅम करते. (या चिकटवायच्या तारांची कल्पना १९३८ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांना स्वतंत्रपणे सुचली होती, आज जगातल्या बहुतेक डिजिटल काट्यांच्या पोटात तीच आहे.) तर हा बदल इतका बारीक असतो की खोली थोडी तापली, बॅटरीचा सेल थोडा उतरला, तरी आकडा आपोआप सरकायला लागतो. रिकामा काटा आपला ओट्यावर बसलाय आणि हळूहळू १, २, ३ ग्रॅम दाखवतोय असं झालं तर माणसं तो परत करतील. म्हणून बनवणारे चिपमध्ये एक नियम घालून ठेवतात, शून्याच्या जवळ आकडा सावकाश सरकत असेल तर ते वजन समजू नकोस, गुपचूप त्यालाच नवा शून्य मान.

आता तुम्ही काय करता, भांडं ठेवता, टेअर दाबता, म्हणजे काट्याच्या दृष्टीने परत शून्य, आणि मग चिमूट चिमूट यीस्ट भुरभुरवता. अगदी तेच, शून्याच्या जवळ, सावकाश. काटा ते गिळून टाकतो. मग जरा मोठी चिमूट पडली की तो जागा होतो आणि तिथून मोजायला लागतो, पण आधीचं गिळलेलं गेलंच. म्हणजे ५ दिसतंय तेव्हा भांड्यात ७ सुद्धा असू शकतं. दुप्पट यीस्ट पडलं की कणिक भसाभस फुगते, आंबूस वास येतो, आणि दोष रेसिपीला दिला जातो.

खात्री करायची असेल तर एक कागद ठेवा, त्याचं वजन लक्षात ठेवा, समजा २ ग्रॅम आलं, मग टेअर करा आणि मिठाचे थोडे थोडे दाणे सावकाश टाकत राहा. आकडा ० च राहिला तर कागद मिठासकट उचला. कागद २ ग्रॅमचा होता म्हणजे उणे २ यायला हवं, उणे ५ आलं तर ३ ग्रॅम मीठ काट्याने गिळलं होतं. हे एकदा स्वतः करून बघाच, मी क्लासच्या पहिल्या दिवशी सगळ्यांकडून करून घेते कारण नुसतं सांगून कोणाला पटत नाही.

यावर उपाय सोपे आहेत. बारीक वस्तू भुरभुरवायची नाही, वेगळ्या हलक्या डबीत घेऊन एका झटक्यात ओतायची. किंवा थोडं टाकून झालं की भांडं पूर्ण उचलायचं आणि परत ठेवायचं, तेव्हा मोठा बदल होतो आणि काटा नीट मोजतो (बारीक टाकायला लागायच्या आधीचा आकडा मात्र लक्षात हवा). किंवा मधे टेअर करायचंच नाही, मैदा ५०० दाखवतोय तर ५०० वरूनच पुढे जायचं, शून्यापासून लांब असताना बहुतेक काटे ही गिळायची सवय सोडतात. बहुतेक म्हणते कारण काही काटे आकडा एकदा स्थिर झाला की तो धरून बसतात आणि एक-दोन ग्रॅमने हलत नाहीत, तुमचा तसा आहे का हे त्याच मिठाच्या प्रयोगाने ५०० वर पण करून बघता येईल.

उचलून परत ठेवल्यावर येणारा फरक हा वेगळा मुद्दा. १ ग्रॅमने दाखवणारा काटा म्हणजे १ ग्रॅम अचूक असलेला काटा, असं नसतं. दाखवायची पायरी वेगळी आणि खरेपणा वेगळा. खरं वजन १२.५ च्या आसपास असेल तर तो एकदा १२ म्हणेल एकदा १३, यात त्याची चूक काहीच नाही. जड वजनाला, म्हणजे २-३ किलोला, साध्या काट्यात दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे होतातच आणि त्याने स्वयंपाकात काही बिघडत नाही, ५०० ग्रॅममागे १ ग्रॅम म्हणजे ०.२ टक्के. पण तोच १ ग्रॅम ५ ग्रॅम मिठात चुकला तर ती २० टक्के चूक झाली आणि ती जिभेला कळते.

म्हणून काटा घेताना लोक कॅपॅसिटी बघतात, मी उलटं सांगते, तुम्ही मोजणार असलेली सगळ्यात छोटी गोष्ट कोणती ते आधी ठरवा. माझा स्वतःचा नियम असा की काट्याच्या पायरीच्या निदान २० पट वजन असेल तरच त्याच्यावर विश्वास ठेवायचा. १ ग्रॅमवाल्यावर २० ग्रॅमच्या खालचं काही मोजायचं नाही, ०.१ वाल्यावर २ ग्रॅमच्या खालचं नाही, ०.०१ वाल्यावर ०.२ च्या खालचं नाही. या हिशेबाने तुमचं ३ ग्रॅम यीस्ट १ ग्रॅमच्या काट्यावर बसतच नाही, तो काटा कितीही महागाचा असला तरी.

तुमच्यासाठी माझं उत्तर: आहे तो काटा ठेवा, आणि सोबत एक छोटा खिशातला काटा घ्या, २०० किंवा ५०० ग्रॅम कॅपॅसिटीचा, ०.०१ ने दाखवणारा. मैदा, साखर, पाणी, बटर मोठ्यावर, मीठ, यीस्ट, बेकिंग पावडर, जेलेटिन छोट्यावर. दोन्ही कामं करणारा एकच काटा, ३ किलो आणि ०.१ ग्रॅम, मिळतो, कॉफीवाले तो वापरतात आणि त्यांच्यासाठी तो बरोबरच आहे कारण त्यांना १५ ग्रॅम पूड आणि त्यावर २४० ग्रॅम पाणी एकाच जागी, धार पडत असताना भराभर वाचायचं असतं. पण ब्रेडवाल्या माणसाचं भांडंच किलोभर असतं, त्यात दीड-दोन किलो कणिक, म्हणजे ३ किलो संपलेच. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, टेअर केल्याने भांड्याचं वजन फक्त आकड्यातून जातं, काट्यावरून नाही जात. ५ किलोच्या काट्यावर दीड किलोचं पातेलं ठेवलं की तुमच्या हातात साडेतीन किलोच उरले.

बाकी घेताना बघायच्या गोष्टी पटापट सांगते. डिस्प्ले झाकला जातो का हे सगळ्यात महत्त्वाचं, मोठा बाऊल ठेवला की खालचा आकडा दिसतच नाही आणि माणूस मान वाकडी करून वाचत बसतो, म्हणून बाहेर ओढता येणारा डिस्प्ले असेल तर उत्तम. नसेल तर ताटलीवर एखादा छोटा रुंद डबा पालथा ठेवायचा, टेअर करायचं, त्यावर बाऊल. बटणं खरी दाबायची असावीत, काचेवर बोट टेकवायची टचवाली नकोत, ओल्या किंवा पीठ लागलेल्या हाताला ती दाद देत नाहीत आणि कधीकधी भांडं नुसतं टेकलं तरी दाबली जातात. काच की स्टील हा वाद मला फार मोठा वाटत नाही, पुसायला सोपं असलं की झालं. मोबाइलला जोडणारे अ‍ॅपवाले काटे मी दोन वापरून बघितले, आकडा वाचायला फोन लागतो ही गोष्ट पिठाच्या हातांना झेपत नाही.

सेलबद्दल मात्र जरा थांबून सांगते. शक्य असेल तर पेन्सिल सेलवर किंवा चार्जिंगवर चालणारा घ्या. बटण सेलवाला असेल, सीआर२०३२ वगैरे, आणि घरात लहान मूल असेल, तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारंच हवं. असा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आत गंभीर भाजू शकतं, घरी वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. वापरलेला सेल पण ओट्यावर टाकून ठेवायचा नाही, त्यात उरलेली वीज इजा करायला पुरते.

आणि आपोआप बंद होण्याची वेळ. बरेच काटे दोन-तीन मिनिटं काही हाललं नाही की झोपतात आणि झोपले की टेअर विसरतात. माझ्याकडे अगदी सुरुवातीच्या एका बॅचमध्ये हे झालंय, मोठ्या भांड्यात मैदा, साखर, दूध पावडर एकामागोमाग टेअर करत घातलं, मधे कोणीतरी काही विचारलं, मी बोलत राहिले, वळून बघते तर काटा बंद. चालू केला तर तो भांड्यासकट सगळ्याला शून्य म्हणाला. साखर पूर्ण पडली होती की अर्धी हे मला आठवेना, अंदाजाने पुढे गेले आणि त्या दिवशी बारा जणींसमोरचा ब्रेड इतका गोड आणि बसका निघाला की मला आजही तो आठवतो. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला त्याचं रिकामं वजन पक्क्या मार्करने लिहिलेलं असतं. काटा झोपला तरी भांडं उचलायचं, रिकाम्या काट्यावर शून्य घ्यायचा, भांडं ठेवायचं, लिहिलेलं वजन वजा करायचं, आत किती आहे ते कळतं. या एका सवयीने जितकं वाचवलंय तितकं कुठल्याच महाग काट्याने नाही वाचवलं.

वापरताना जागा कडक आणि सपाट हवी. कापडावर, रबरी मॅटवर, ओट्याच्या दोन फरश्यांच्या सांध्यावर ठेवला की पाय समान टेकत नाहीत आणि आकडा दर वेळी वेगळा येतो, तुमच्या एक-दोन ग्रॅमच्या फरकाचं हे पण कारण असू शकतं, खाली काय आहे ते बघा. ०.०१ वाल्या काट्याला पंख्याची झुळूकसुद्धा कळते. गरम पातेलं थेट ठेवायचं नाही, पट्टी तापली की आकडा वाहायला लागतो, मधे लाकडी पाट किंवा जाड बोर्ड ठेवून टेअर करा. चालू इंडक्शनच्या शेगडीवर तर काटा ठेवूच नका. जड वजन तासन्‌तास तसंच ठेवलं तर आकडा हळूहळू चढतो, पट्टी ताणाखाली थोडी थोडी सैलावत जाते म्हणून, आणि उचलल्यावर लगेच शून्यावर येत नाही, थोड्या वेळाने येते. पण वरून काही आदळलं किंवा कपाटात काट्यावर डब्यांची चळत ठेवली तर पट्टी कायमची वाकू शकते आणि त्याला मग इलाज नाही.

मिलिलिटरचं बटण असतं ना, ते विसरून जा. काटा मिलिलिटर मोजत नाही, तो ग्रॅमच मोजतो आणि पाणी समजून तोच आकडा मिली म्हणून दाखवतो, फार तर दुधासाठी थोडी दुरुस्ती करतो. तेल पाण्यापेक्षा हलकं, १०० मिली म्हणजे साधारण ९२ ग्रॅम, मध बराच जड, १०० मिली म्हणजे १४० च्या आसपास. पाण्याच्या मोडवर मध मोजलात तर मिलीचा आकडा सरळ चुकीचा. युनिटचं बटण चुकून दाबलं जाऊन औंस येतं ते पण बघत जा, १ औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, आकडा अचानक फार छोटा वाटला की आधी कोपऱ्यात ग्रॅम लिहिलंय का बघायचं.

चिकट गोष्टींसाठी उलटं वजन करा, मधाची बरणी काट्यावर ठेवा, टेअर, आता बरणीतून चमच्याने काढा आणि उणे आकडा वाचा. उणे ४० म्हणजे ४० ग्रॅम मध बाहेर आला, चमच्याला चिकटलेला पण त्यात धरलाय, तेवढा बोटाने पुसून भांड्यात घालायचा.

कपाने मोजायचं सोडून एवढी खटपट का, असं पण तुम्ही शेवटी लिहिलंय. मैद्याचा एक कप, चमच्याने हलकं भरून वरून सपाट केला तर १२० ग्रॅमच्या आसपास येतो, तोच कप पिठात खुपसून भरला तर १५० पर्यंत जातो. माणूस तोच, कप तोच. चार कपांच्या ब्रेडमध्ये हा फरक १२० ग्रॅमचा झाला, म्हणजे जवळजवळ एक अख्खा कप. मिठाचं तर अजून वाईट, बारीक मीठ चमचाभर ६ ग्रॅम भरतं, पापुद्र्यासारखं जाड मीठ त्याच चमच्यात ३ च भरतं. वजनाने चाललं की ही भानगडच नाही आणि प्रमाण कमी-जास्त करणं पण सोपं, ब्रेडवाले मैद्याला १०० धरतात आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत लिहितात, पाणी ६५, मीठ २, कोरडं यीस्ट १. मैदा ५०० घेतला तर पाणी ३२५, मीठ १०, यीस्ट ५. उद्या मैदा ७३० उरलाय, तरी गुणाकार करून काम होतं, दीड कप आणि पाऊण चमचा करत बसावं लागत नाही.

काटा खरा आहे का हे तपासायला पाण्याचा प्रयोग सांगतात, १ लिटर म्हणजे १ किलो. तो मला पटत नाही, कारण तुमचं मापाचं भांडं किती खरं आहे हे कोणी तपासलंय. पाकिटावर छापलेल्या वजनावरून तर अजिबात ठरवू नका, त्यात थोडं कमी-जास्त भरलेलं असतं. प्रमाणित वजन एकच विकत घ्या, एम१ दर्जाचं २०० ग्रॅमचं, त्यात चूक असली तर ०.०१ ग्रॅमच्या आतच असते, मोठ्या काट्यासाठी हे पुरून उरतं आणि छोट्याची कॅपॅसिटी २०० असेल तर १०० चं घ्या. ते मध्यभागी ठेवून बघा, मग चारही कोपऱ्यांवर, कोपऱ्यात आकडा बदलत असेल तर भांडं कायम मधोमध ठेवायची सवय लावा. नंतर एखादं जड पातेलं ठेवा, आकडा लिहा, त्यात हे वजन टाका, बरोबर २०० वाढलं का बघा, १ ग्रॅमची पायरी आहे तर १९९ किंवा २०१ चालेल. हे जमलं तर काटा स्वयंपाकासाठी ठीक आहे. कॅलिब्रेशनचा मोड मात्र हातात खरं वजन नसताना उघडूच नका, साखरेचं पाकीट ठेवून कॅलिब्रेट केला तर तो काटा पुढचं सगळं त्या चुकीच्या हिशेबाने सांगत राहील. फार लांब प्रवासाला नेलात तरी तपासा, हे काटे खरं तर पृथ्वी वस्तूला किती जोराने ओढते ते मोजतात आणि तो जोर विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत साधारण अर्ध्या टक्क्याने बदलतो, एका किलोमागे ५ ग्रॅम.

आता डाएटचं. डब्यावर लिहिलेल्या कॅलरी बहुतेक वेळा कच्च्या वस्तूच्या असतात आणि शिजल्यावर पाणी शिरून वजन बदलतं, १०० ग्रॅम कच्चा तांदूळ शिजून २५० ते ३०० होतो. कच्च्याचा आकडा (१०० ग्रॅमला साधारण ३५०) शिजलेल्या भातावर लावला तर तुम्ही स्वतःला अडीच-तीन पट खाल्लं असं सांगाल आणि विनाकारण उपाशी राहाल, आणि उलटं केलंत तर वजन का उतरत नाही म्हणून डोकं धराल. मी असं करते, कच्चं सगळं मोजून पूर्ण पदार्थाच्या कॅलरींची बेरीज करायची, समजा १५०० आली. शिजल्यावर पातेल्यासकट वजन करायचं, १८९०, बुडाला लिहिलेलं रिकामं वजन ६४०, म्हणजे अन्न १२५० ग्रॅम. १५०० भागिले १२५० म्हणजे ग्रॅमला १.२. मग ताटली ठेवून टेअर करा, वाढून घ्या, २८० आलं तर ३३६ कॅलरी. तेल मात्र बाटली काट्यावर ठेवून उणे आकड्यानेच मोजा, १ ग्रॅमला ९ कॅलरी असतात आणि हात जरा सैल सुटला की १० ग्रॅम जास्त पडतं, म्हणजे ९० कॅलरी ज्या कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. आणि बाटली उचला, ओता, परत ठेवा, मग वाचा, म्हणजे शून्याजवळच्या त्या गिळण्याचा इथे त्रास होणार नाही.

मिठाचा प्रयोग करून तुमचा काटा ० वर आणि ५०० वर किती गिळतो ते कळवा, आणि तो कशावर ठेवलाय ते पण लिहा, मग दोन ग्रॅमच्या फरकाचं नक्की काय ते सांगता येईल.